रिपल मोजणारी रंजना

रंजना, तुझ्या शोकसभेत कंपनीने तुझ्या फोटोशेजारी विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप चालू करून ठेवला होता. शोभेसाठी. पडद्यावर हिरवी सरळ रेघ, स्कोपवर झेंडूचा हार आणि खाली कसलीतरी गोडमिट्ट वासाची उदबत्ती. ईसीजीची मशीन बनवणाऱ्या कंपनीत, गेलेल्या बाईच्या शेजारी सरळ रेघ लावून ठेवताना एकालाही काही खटकलं नाही. मला पहिली किळस तिथेच वाटली.

फोटोला कुंकूसुद्धा लावलं होतं. तुझा नवरा मिलिंद आला, त्याने खिशातला रुमाल काढला, काच पुसली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. नाशिकरोडला तुमच्या घरी त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा मेणबत्त्या होत्या आणि तुझा तो कॉलेजातला चिडका फोटो होता. तिथे मला रडू आवरलं नव्हतं. इथे डोळे कोरडे.

मालक बोलायला उभे राहिले. आवाज जड करायची देवरे साहेबांची सवय तुला माहीत आहे. "रंजनाताई म्हणजे आपल्या कंपनीचा कणा होता," ते म्हणाले. "इतकी वर्षं काम केलं, पण कधी तक्रारीचा सूर नाही. सांगितलं ते हसतमुखाने केलं."

असेंब्लीतल्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडताहेत. मला माहीत होतं, त्या हसू दाबत होत्या. तुझा तक्रारीचा सूर सातपूरच्या निम्म्या एमआयडीसीने ऐकला होता. आणि हसतमुखाने? तू सकाळचं गुड मॉर्निंगसुद्धा भांडल्यासारखं म्हणायचीस.

सोपी नव्हतीस तू, रंजना. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, पण खोटं बोलायला तिथे इतके जण हजर होते की माझी गरज नव्हती. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी तू न विचारता घ्यायचीस आणि वर मीठ कमी आहे म्हणून सांगायचीस. स्कोपला जोडलेल्या तुझ्या मोजणीच्या प्रोबला मात्र कुणी हात लावायचा नाही. मी ईसीजीच्या कॅलिब्रेशनला होते, तू पॉवर सप्लायच्या टेस्टिंगला, आपली बाकं एकमेकांना लागून. इतक्या वर्षांत एकदाच मी तुझा प्रोब उचलला. तू तो माझ्या हातातून काढून घेतलास.

"ही लांब काळी वायर लावून मोजणार होतीस?"

"मग कशाने मोजू?"

"ही वायर म्हणजे अँटेना आहे. हिने बोर्डाचा रिपल नाही मोजला जात, छतावरच्या ट्यूबलाइटचा मोजला जातो."

मग तू ती वायर काढून टाकलीस, प्रोबच्या टोकाला बारीकशी स्प्रिंग चढवलीस आणि टोक थेट रेग्युलेटरच्या पायाशी टेकवलंस. पडद्यावरचं दाट झाडझुडूप एकदम नाहीसं झालं आणि खाली लपलेली खरी रेघ दिसली. तू माझ्याकडे असं बघितलंस, की त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला. पण त्यानंतर आजतागायत ती लांब वायर मी वापरलेली नाही.

रिपल म्हणजे काय, हे तू एकदा चहाच्या सुट्टीत सुमनबाईंना समजावलं होतंस. "ट्रान्सफॉर्मरकडून येणारा व्होल्टेज सारखा वरखाली हलत असतो. रेग्युलेटर त्याचा वरचा हलणारा भाग कापून टाकतो आणि खाली सपाट बारा व्होल्ट देतो. पण कापायला वर काही उरायला हवं ना? आतला व्होल्टेज साडेचौदाच्या खाली घसरला की कापायला काही उरत नाही. मग ते हलणं जसंच्या तसं बाहेर येतं, तोच रिपल."

"म्हणजे गवत वाढलंच नाही तर कटिंग कशाचं करणार," सुमनबाई म्हणाल्या.

तुला ते इतकं आवडलं की आठवडाभर तू व्होल्टेजला गवतच म्हणत होतीस.

आणि मग त्यांनी गवतच कमी केलं. मशीनचा डबा लहान करायचा होता. डबा लहान करायचा तर रेग्युलेटर थंड ठेवणारी ती ॲल्युमिनियमची पट्टी लहान हवी. पट्टी लहान तर रेग्युलेटर तापून चालणार नाही. तापू नये म्हणून ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज उतरवला. प्रत्येक पायरी कागदावर बरोबर होती. शहरात, दोनशे तीस व्होल्ट येतात तिथे, मशीन छान चालत होतं. पण ही मशीन शहरासाठी नव्हतीच. एका संस्थेने ती सुरगाणा, पेठच्या बाजूच्या आपल्या दवाखान्यांसाठी मागवली होती.

तू खालच्या कपाटातून डिमरस्टॅट काढलास, बोर्डावर पूर्ण लोड टाकलास आणि गोल मूठ फिरवून लाइनचा व्होल्टेज हळूहळू उतरवत आणलास. मी शेजारी उभी होते. दोनशे वीस, काही नाही. दोनशे दहा, काही नाही. दोनशेच्या आसपास सपाट रेघेला खालून दात यायला लागले. उंदराने कुरतडल्यासारखे. एकशे नव्वदला रेघ राहिलीच नाही, करवत झाली. तोच सप्लाय तू माझ्या बाकावरच्या ईसीजीला जोडलास. ठोक्याच्या आधी येणारी ती लहानशी लहर, जी डॉक्टर मुद्दाम शोधतात, ती थरथरीत बुडून गेली.

"पेठच्या पुढे दुपारी किती व्होल्ट असतात माहितीये?" तू विचारलंस. "शेतातल्या मोटारी चालू झाल्या की?"

क्वालिटी मॅनेजर निकम यांना तू बोलावून आणलंस. त्यांनी पडदा बघितला. त्यांना कळलं नाही असं नाही. रंजना, मला किळस येते ती याच गोष्टीची. ते आपल्यासारखेच शिकलेले, त्यांना सगळं कळलं. ते खाली वाकले, डिमरस्टॅटला हात न लावता स्कोपवर ॲव्हरेजिंगचं बटण दाबलं आणि लहरींना एका जागी धरून ठेवणारा ट्रिगर सोडून दिला. स्कोप शेकडो लहरींची सरासरी काढायला लागला. एकमेकींशी जुळत नसलेल्या लहरींनी एकमेकींना खाऊन टाकलं. दात गेले, करवत गेली. सुंदर सपाट रेघ.

"हा फोटो रिपोर्टला लावा," निकम म्हणाले.

"ही सरासरी आहे, सर. पेशंटला सरासरी वीज मिळत नाही."

"स्पेसिफिकेशनमध्ये ॲव्हरेजिंग वापरू नये असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग?"

तू सही केली नाहीस. निकमांनी स्वतः केली. ती मशीन गेली. मी त्या संस्थेला सगळं सविस्तर लिहून कळवलं, करवतीचा फोटोही पाठवला. तिकडच्या कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं, की चाचणी अहवाल नियमानुसार असून प्रकरण बंद करण्यात येत आहे. पुढच्याच सोमवारी तुझं बाक रिकामं झालं. तुला पॅकिंग आणि डिस्पॅचला टाकलं होतं. डिझाइनमधल्या माणसालाही चुका काढून दाखवणारी तू, आणि तुझ्या हातात त्यांनी चिकटपट्टी दिली.

मला वाटलं, तू राजीनामा तोंडावर फेकशील. तू चिकटपट्टी घेतलीस.

त्यानंतर गेटबाहेरच्या टपरीवर आपलं जे वाजलं, ते अर्धवटच राहिलं. मी म्हणाले, "सोड ही नोकरी. अंबडला दोन ठिकाणी टेस्टिंगला माणूस हवाय, मी बोलते."

"नको."

"इथे बसून काय करणार आहेस? खोकी मोजणार?"

"खोकी कुठे जातात ते तरी कळतं," तू म्हणालीस.

"मग? त्याने काय होणार?"

"तुला नाही कळायचं." चहा अर्धा ठेवून तू उठलीस. मला वाटलं तू थकलीस. भांडून भांडून माणूस एक दिवस विझतो, तशी विझलीस. नंतर आपण बोलायचो, पण पाऊसपाणी, मिलिंदची तब्येत, भाजीचा वास. रिपलचा विषय तू काढलाच नाहीस. मग तुला ताप आला, आणि तो डेंग्यू आहे हे कळेपर्यंत तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस.

आता पुन्हा शोकसभेत ये. खरा घाणेरडा भाग अजून पुढेच आहे.

त्या दिवशी सभा ठेवण्यामागे कारण होतं. त्याच संस्थेने दुसरी खेप मागवली होती, तसाच डबा, तोच ट्रान्सफॉर्मर. माल बघायला त्यांच्या नव्या इंजिनीअर तडवी मॅडम येणार होत्या. पाहुणे आलेच आहेत तर सभा उरकून घेऊ, असा हिशेब. भाषणाच्या शेवटी देवरे साहेबांनी टेस्टिंगच्या खोलीच्या दारावरचा पडदा बाजूला केला. पितळी पाटी: 'रंजना चाचणी कक्ष'. टाळ्या. तुझ्या मरणावर टाळ्या वाजल्या, रंजना, आणि समोसे वाटले.

समोशाची डिश हातात घेऊनच निकम माझ्याकडे आले. दुसऱ्या खेपेचा रिपोर्ट त्यांच्या काखेत. तुझं बाक रिकामं झाल्यापासून पॉवर सप्लायचं कामही माझ्याकडेच आलं होतं, पण ही चाचणी त्यांनी परस्पर उरकली होती.

"मॅडम आत येताहेत," ते हळूच म्हणाले. "तेवढी सही करून टाका. रंजना असती तर आता तिनेही केली असती. शेवटी शेवटी समजूतदार झाली होती ती."

त्यांच्या मिशीला समोशाचा कण चिकटला होता. तो कण मी अजून विसरू शकलेले नाही. मी कागद घेतला नाही. तडवी मॅडम आत येऊन तुझ्या फोटोपुढे हात जोडून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"मॅडम, रिपोर्टमधली रेघ खोटी आहे. रंजना कशी मोजायची ते बघणार का?"

त्या फोटोकडून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दाखवा."

"हार जरा बाजूला घेते. जागा लागेल."

हार काढला, उदबत्ती विझवली. तुझा फोटो मिलिंदच्या हातात दिला, तो धरून उभा राहिला. दुसऱ्या खेपेतला एक बोर्ड तडवी मॅडमनी स्वतः खोक्यातून निवडला. मी लोड लावला, प्रोबला स्प्रिंग चढवली, ॲव्हरेजिंग बंद केलं. देवरे साहेब दारातून म्हणाले, "अहो, ही वेळ आहे का या गोष्टींची?"  मी डिमरस्टॅटची मूठ मॅडमच्या हातात दिली. "तुम्हीच उतरवा. सावकाश."

त्यांनी उतरवला.  दोनशेला दात आले. मॅडमनी मूठ तिथेच थांबवली, पुन्हा वर नेली, दात गेले. पुन्हा खाली आणली, दात आले. असं त्यांनी बराच वेळ केलं. मग निकमांकडे वळून विचारलं, "पहिल्या खेपेच्या रिपोर्टवरचा फोटो कसा काढला होता?"

 हातातली डिश कुठे ठेवावी ते निकमांना कळत नव्हतं.

"खेप थांबवा," तडवी मॅडम म्हणाल्या. "आणि आधी गेलेली सगळी मशीन दुरुस्त करून द्यायची. लेखी पाठवते."

मला वाटलं होतं आता देवरे साहेब चिडतील, मला काढतील. मी त्या तयारीत होते. ते पुढे आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हेच तर रंजनाताईंचं म्हणणं होतं. मी निकमांना तेव्हाच सांगितलं होतं, की बाईचं ऐका." निकमांचा चेहरा राखेसारखा झाला. ते मला नंतर जिन्यात भेटले. "मला पण घर आहे हो," एवढंच म्हणाले. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. शिसारीही पुरी येईना, कारण ती मालकांवर खर्च झाली होती.

आता ऐक, कंपनीच्या नव्या माहितीपत्रकावर तुझा फोटो आहे. तो चिडका नाही, कुठल्यातरी हळदीकुंकवाला मागच्या रांगेत उभी होतीस, त्यातून कापून घेतलेला. खाली लिहिलंय, 'आमची गुणवत्ता, आमची माणसं'. मी मिलिंदला दाखवलं नाही. तू बघितलं असतंस तर त्यावर समोसा ठेवून खाल्ला असतास.

मशीन बदलायला तडवी मॅडमबरोबर मी गेले. पेठच्या पुढे, घाट उतरून, सुरगाण्याच्या बाजूला. पहिल्याच दवाखान्यात गावित सिस्टर भेटल्या. चाळिशीच्या, घाईत असलेल्या. मी नवा ट्रान्सफॉर्मर बसवत होते आणि त्या बोलत होत्या.

"दिवसा लाईट लय कमी ऱ्हाती. मोटारी चालू झाल्या की रेघ थरथर करती. मग आमी मोटारी बंद झाल्यावरच काढतो."

"तुम्हाला कसं कळलं की मोटारींमुळे होतं?" तडवी मॅडमनी विचारलं.

"त्या बाईंनी सांगितलं ना. नाशिकच्या. फोन करायच्या. पहिल्यांदा केला तवा मला वाटलं काय विकायला केलाय. त्या म्हनल्या, मशीन पाठवनारीच बोलतेय, रेघ कशी येते सांगा."

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"मी म्हनलं, बाई, छातीत दुखनारा मानूस मोटारी बंद व्हायची वाट बघतो का? तर म्हनल्या, अजिबात थांबवायचा नाय. रेघ थरथरत असंल तर ती नॉर्मल हाय असं कुनी म्हनलं तरी ऐकायचं नाय. थेट मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. दोघांना पाठवलं मी तसं. बाकीच्या दवाखान्यांत बी करत्यात त्या फोन. आमच्या मीटिंगला सगळ्या सिस्टर त्यांना वळखतात."

रंजना, खोकी कुठे जातात ते तू मोजत होतीस. प्रत्येक खोक्यावरचा पत्ता चिकटवता चिकटवता तू फोन नंबर मिळवत होतीस, आणि मला टपरीवर वाटत होतं की तू विझलीस. का नाही सांगितलंस? मी बोलले असते कुठेतरी, आणि तुला त्या डिस्पॅचच्या टेबलावरूनही हलवलं असतं, म्हणून? की तुला माझा राग आला होता? हे मला आता कधीच कळणार नाही. तुझ्याबद्दल अभिमान वाटतो आणि त्याच वेळी या सगळ्याची किळसही येते. एक साधा ट्रान्सफॉर्मर जे काम गुपचूप करत राहिला असता, ते काम एका बाईला दुपारच्या सुट्टीत, चोरून, एकेका सिस्टरला फोन लावून करावं लागलं. आणि ते करणारी आता पत्रकावर छापली आहे.

नवा ट्रान्सफॉर्मर बसला. भर दुपार, बाहेर मोटारींची घरघर चालू. गावित सिस्टरांनी स्वतःच्याच हाताला तारा लावून घेतल्या. कागद सरकला. ती लहानशी लहर प्रत्येक ठोक्याआधी नीट दिसत होती. सिस्टरांनी कागद उजेडात धरला, आणि मी काही बोलायच्या आत मोबाईल काढला.

"थांबा, त्या बाईंना कळवते. लय बरं वाटंल त्यांना."

मला सांगता आलं नाही. तडवी मॅडम खिडकीकडे वळल्या. स्पीकरवर रिंग वाजली. तुझा फोन मिलिंदने बंद केलेला नाही. त्याने उचलला.

"बाई हायेत का? नाय? मग त्यांना येवढा निरोप द्या. म्हनावं, मशीन दुरुस्त झालं, मोटारी चालू असताना बी रेघ चांगली येती."

 "सांगतो," तो पलीकडून म्हणाला.

संध्याकाळी मी नाशिकला पोचल्यावर त्याचा मला फोन आला. "मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "काय झालं ते तूच तिला नीट सांग."

म्हणून सांगितलं.